थांबा, भाव चढणार आहे

काचवाल्याचं वाटोळं करायचं हे धाकटीने ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी तिचे भावजी जाऊन सतरा दिवस झाले होते. दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला आणि पलीकडून काचवाल्याचा तोच तो गोड आवाज आला, "काय बाई, काय म्हणतोय बाजार?"

सतरा दिवस, आणि हा बाबा बाजार विचारतोय! त्याला भावजी गेल्याचं माहीत नव्हतं, हे खरं. माहीत असायचं कारणही नव्हतं म्हणा. भाडेकरू एकदा घराबाहेर काढला की तो जगला काय नि मेला काय, मालकाला त्याचं काय! पण धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच.

धाकटी धंद्याने एजंट. भाड्याची घरं लावून द्यायची. बसस्टँडच्या मागे एका जिन्याखाली तिचं ऑफिस, ऑफिस कसलं, एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतभर खिळ्यांना लटकवलेल्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या. मागे पडद्याआड तिची राहायची खोली. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, "चांगली पार्टीच आली नाही."

आणि त्या शहरात भाड्याचा भाव कुठे लिहिलेला नसायचा, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं. शहर ना मोठं ना छोटं. घरं कितीही असली तरी मालक सगळे एकमेकांना ओळखणारे. दर सोमवारी ते आपापल्या एजंटला फोन करायचे, "काय म्हणतोय बाजार?" एजंट सांगेल तो भाव. मग सकाळी तळ्याकाठच्या बागेत फेऱ्या मारताना तोच भाव एकमेकांना सांगायचे. दोन फेऱ्या झाल्या की तो शहराचा भाव झाला. इतकी साधी गोष्ट.

धाकटीचा शब्द या सगळ्यांत वजनदार. कारण ती खोटं बोलत नाही अशी ख्याती. आणि ही ख्याती पक्की झाली ती ज्या दिवसामुळे, तो दिवस आठवला की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

तिची थोरली बहीण आणि भावजी काचवाल्याच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं राहिले. दुसरा मजला, पूर्वेची खिडकी. काचवाला म्हणजे पूर्वी काचेच्या तावदानांचा धंदा करणारा माणूस. पुढे धंदा विकला आणि घरं घेतली, नाव मात्र चिकटलं. भावजी घड्याळं दुरुस्त करायचे. मग त्यांची मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. इस्पितळ घरापासून चालत सात मिनिटांवर. तेवढ्या एका गोष्टीवर संसार उभा होता, कारण डायलिसिस करून परत येताना माणसाच्या अंगात सात मिनिटं चालण्यापुरतंच बळ उरतं.

करार संपला आणि काचवाल्याने भाडं दीडपट केलं. थोरली गयावया करणारी नव्हे. ती एवढंच म्हणाली, "एवढं असतं का हो भाडं?" धाकटी तिच्या सोबत गेली होती, दोन शब्द टाकायला. काचवाला तिच्याकडे वळला. "मी कशाला सांगू? या तुमच्या सख्ख्या बहीण, त्यात धंद्यातल्या. बाई, तुम्हीच सांगा, आज ही जागा बाजारात लावली तर किती येतील?"

आणि धाकटीने आकडा सांगितला. खरा आकडा! काचवाल्याने मागितला होता त्याच्याहून थोडा जास्तच. बावीस वर्षांची खोड. कुणी भाव विचारला की शिंक यावी तसा आकडा तोंडातून बाहेर. एक आकडा कमी सांगायला काय जात होतं? काही नाही. पण सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा काचवाला हात पसरून म्हणत होता, "बघा. मी नाही म्हणत, बाजार म्हणतोय."

पुढे बागेत तो सगळ्यांना सांगत सुटला, "एजंट असावी तर अशी. सख्ख्या बहिणीसमोर खरा भाव सांगितला, बोला!"

थोरलीने शहराच्या टोकाला, शेवटच्या बस थांब्याच्या पुढे दोन खोल्या घेतल्या, जवळच्या पाळणाघरात काम धरलं. इस्पितळ आता दोन बस बदलून सव्वा तासावर. भावजी एकदा बस चुकली म्हणून गेले नाहीत, एकदा अंगात त्राण नाही म्हणून, एकदा थोरलीला सुट्टी मिळाली नाही म्हणून. अशा फेऱ्या चुकत गेल्या आणि आठ महिन्यांत माणूस संपला.

आणि आता हा विचारत होता, काय म्हणतोय बाजार.

धाकटीने घसा साफ केला. "बाजार ना साहेब? खरं सांगू? मी कुणाला बोलले नाही अजून."

"अहो बोला की."

"तुम्ही त्या नव्या इमारतीत सहा फ्लॅट घेतलेत ना? लावू नका एवढ्यात. थांबा. भाव चढणार आहे."

"का हो? काही बातमी?"

"बातमी मी कशी सांगू? लोकांचा विश्वास असतो आपल्यावर. पण तुमच्या जागी मी असते तर थांबले असते, एवढंच म्हणते."

तिने फोन ठेवला. धंद्यातलं हे तिचं पहिलं खोटं. आणि काय सांगू, पहिल्या खोट्याला जी चव असते ती कशाला नसते!

माणसाला बुडवायचं असेल तर त्याला वाईट बातमी कधी सांगू नये. वाईट बातमीने माणूस सावध होतो, हातपाय हलवतो. चांगली बातमी सांगावी आणि बसून बघावं. काचवाल्याने नव्या फ्लॅटांसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं, हे धाकटीला ठाऊक होतं. घरं भाड्याने गेली तर हप्ता निघणार, रिकामी राहिली तर खिशातून जाणार. बरं, जुन्या इमारतीतही त्याची सहा घरं. त्यांचे करार एकेक करून संपत आले होते. सोमवारचा फोन आला की ती म्हणायची, "नवा करार आत्ताच करू नका साहेब. आज केलात तर वर्षभर जुन्या भावात अडकाल." आणि काचवाला भाडेकरूंना एकेक करून काढायचा.

इथे मात्र धाकटीचं थोडं चुकलं. थोडं कसलं, चांगलंच चुकलं, पण तेव्हा तिला दिसत नव्हतं. त्या सहा घरांत एक शाळामास्तर होता, दोन मुलींचा बाप. तो ऑफिसात येऊन बसला. "बाई, भाडं कधी चुकवलं नाही, भिंतीला खिळा ठोकला नाही. आमचं काय चुकलं?" धाकटी किल्ल्या नीट लावत बसली. "मालकाची मर्जी हो मास्तर. बघते कुठे काही मिळालं तर." मास्तर गेला आणि तिने मनाला सांगितलं, सुक्याबरोबर ओलंही जळतं. मनाने ऐकलं. ज्याला सूड घ्यायचा असतो त्याचं मन फार आज्ञाधारक असतं.

तीन महिन्यांत काचवाल्याची बाराच्या बारा घरं बंद झाली. सगळ्या किल्ल्या धाकटीच्या भिंतीवर. बंद घराला वास येतो म्हणून दर गुरुवारी ती खिडक्या उघडायला जायची, आणि तो तिचा आठवड्यातला सगळ्यात सुखाचा दिवस. कोरडे नळ, सज्ज्यात कबुतरांनी मांडलेला संसार, बाथरूममध्ये झुरळ उताणं पडलेलं. ती खोल्याखोल्यांतून हिंडायची आणि स्वतःशीच म्हणायची, "राहा असेच! राहा रिकामे! खाऊ दे त्याला!" शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेच्या खोलीत जायची. भावजी खुर्ची टेकवून बसायचे तिथे भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग होता. रंगाऱ्याला तिने मुद्दामच त्या खोलीला हात लावू दिला नव्हता. ती डागासमोर जमिनीवर बसायची आणि बोलायची. मोठ्याने बोलायची, ऐकायला होतं कोण! "भावजी, पाचवा महिना लागला. हप्ता थकला म्हणे त्याचा. गाडी विकायला काढली. तुम्ही दोन बस बदलत होतात ना, आता तोही उभा राहील थांब्यावर."

थोरलीला तिने यातलं काही सांगितलं नाही. रविवारी फोन व्हायचा. "जेवलीस का?" "जेवले." "पाळणाघर?" "चाललंय." थोरली पहिल्यापासूनच अशी, विचारल्याशिवाय दुखणं सांगायची नाही, आणि विचारलं तरी अर्धंच सांगायची. धाकटीच्या मनात होतं, सगळं झालं की एकदमच सांगू. काचवाल्याची इमारत बँकेने ताब्यात घेतली, दाराला सील लागलं, की ताईला घेऊन जाऊ आणि समोरच्या फुटपाथवर उभं करू. बघ म्हणू. एकदा डोळे भरून बघ. एवढ्यासाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

सहाव्या महिन्यात काचवाला स्वतः आला. उतरलेला चेहरा, दाढी वाढलेली. खुर्चीवर बसला आणि न विचारता पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"बाई, किती थांबायचं? मुलगा बोलत नाही माझ्याशी. बँकेचं पत्र आलंय. एखादी पार्टी असेल तर लावून टाका, मिळेल त्या भावाला."

धाकटीच्या काळजात गोड कळ उठली. पार्ट्या होत्या. रोज होत्या, सकाळी दार उघडायच्या आत जिन्याखाली येऊन उभ्या राहायच्या. पण ती चेहरा गंभीर करून म्हणाली, "साहेब, निर्णय तुमचा. पण सहा महिने तोटा सोसलात तो कशासाठी? काठावर येऊन बुडायचं? आज दिलीत तर मागचे सहा महिनेही गेले आणि पुढचं वर्षही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं."

"तुम्हाला खात्री आहे?"

"मी कधी खोटा भाव सांगितलाय? सख्ख्या बहिणीला नाही सांगितला."

हे वाक्य तिने सहा महिने जपून ठेवलं होतं. काचवाल्याने मान हलवली. "ते आहे. ते मात्र आहे." बायकोचं सोनं गहाण ठेवतो म्हणाला आणि गेला. त्याच्या पाठीकडे बघत धाकटी मनात म्हणाली, अजून दोन महिने. फार तर तीन. मग मेलास तू.

त्या दिवशी तिने स्वतःसाठी नवी चप्पल घेतली.

आता गंमत बघा. पार्ट्या रोज जिन्याखाली उभ्या राहतात, याचा अर्थ काय, हे बावीस वर्षं धंदा केलेल्या बाईला कळू नये? पण नाही कळलं. तिचे डोळे त्या बारा किल्ल्यांवर. बाकीच्या खिळ्यांवरच्या किल्ल्याही वाढत चालल्या होत्या, मालक येऊन ठेवून जात होते, "असू द्या बाई, लावायची घाई नाही," म्हणत होते, तेही तिने कानाआड केलं.

झालं होतं असं. काचवाल्याच्या पोटात बातमी टिकेल तर तो काचवाला कसला! पहिल्याच सोमवारनंतर तो तळ्याकाठी बोलला, "आपण तर थांबणार बुवा. बाई म्हणतात भाव चढणार." कोणती बाई म्हणून कुणी विचारायची गरज नव्हती. जिने सख्ख्या बहिणीसमोर खरा भाव सांगितला ती बाई. आणि एक थांबला म्हणून दुसरा थांबला. दुसरा थांबला म्हणून तिसऱ्याला वाटलं, आपणच वेडे की काय? चौथ्याने भाडेकरू काढला. सहा-सात महिन्यांत शहरातल्या शंभराहून जास्त घरांना कुलपं लागली, आणि घराबाहेर काढलेली माणसं, मास्तरासारखी, गल्लोगल्ली हिंडायला लागली.

घरं तेवढीच, माणसं तेवढीच. फक्त मधे कुलूप आलं.

मग एका बुधवारी एका सराफाच्या दुकानावरचा फ्लॅट उघडला. चौदा कुटुंबं एका दिवसात बघायला आली. जिन्यातच बोली लागली. एक म्हणे अमुक देतो, दुसरा म्हणे त्याच्यावर इतके. संध्याकाळपर्यंत तो फ्लॅट जवळजवळ दुप्पट भाड्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी बातमी, आणि दुपारी काचवाला धाकटीच्या दारात.

"बाई! उघडा! सगळी उघडा!"

तिला काही करताच आलं नाही. काय सांगणार होती, थांबा म्हणून? तो थांबला नसता. त्याने समोर बसून पार्ट्यांना फोन लावायला लावले. रविवारच्या आत बाराही घरं गेली. दीडपटीच्या दीडपट भाड्याने! वर्षभराची ठेव आगाऊ. बँकेचं सगळं थकलेलं एका फटक्यात फिटलं, आणि वर एवढं उरलं की त्याने तेराव्या फ्लॅटची चौकशी सुरू केली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या एका नवरा-बायकोने घेतल्या. रंग त्यांनी स्वतःच लावून घेतला. भिंत पांढरीफेक.

धाकटी तीन दिवस जेवली नाही. कुणाचं करायला गेले आणि कुणाचं झालं! मेल्याला खड्ड्यात ढकलायला गेले आणि खड्ड्यात सोनं निघालं! ती एकटीच बडबडायची, किल्ल्या आपटायची. रागाचं एक असतं, तो चुकला तरी आपण चुकलो असं माणूस म्हणत नाही; म्हणतो, पुढच्या वेळी. तीही म्हणाली. आता याला तेरावा फ्लॅट घ्यायला लावायचा, चौदावा घ्यायला लावायचा, कर्जाच्या डोंगराखाली घालायचा. थांब म्हणावं.

मंगळवारी सकाळी थोरली आली.

न सांगता आली, हेच पहिलं नवल. पाळणाघराचा निळा कोट अंगावर तसाच. खुर्चीवर टेकली, पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. घरमालकाची नोटीस. महिनाअखेर जागा खाली करा, नाहीतर दुप्पट भाडं.

"बघ गं, तुझ्या ओळखीत काही आहे का," थोरली म्हणाली. "एक खोली असली तरी चालेल. पाळणाघरापर्यंत चालत जाता आलं पाहिजे, सहाला उघडावं लागतं मला. तीन महिने मीच शोधतेय. म्हटलं तुला त्रास नको. पण नाहीच मिळत. जे कधी आमच्या बाजूला वळून बघत नव्हते ते लोक आता तिकडे येऊन पडेल ते भाडं देताहेत. म्हणतात शहरात घरच नाही. इतकी घरं गेली कुठे गं?"

धाकटीने कागद हातात घेतला. वाचत राहिली. चार ओळींचा कागद, पण डोळे वर करायची हिंमत होईना. इतक्या दिवसांत जे दिसलं नव्हतं ते सगळं एकदम दिसलं, मास्तर दिसला, जिन्याखालच्या रांगा दिसल्या, भिंतीवर वाढत गेलेल्या किल्ल्या दिसल्या.

"ताई, तू माझ्याकडे ये राहायला."

"आणि पहाटे पाळणाघर कोण उघडेल? पहिली बस साडेसहाला."

तेवढ्यात दारात सावली पडली. काचवाला! नवा शर्ट, गुळगुळीत दाढी, हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला खोका. थोरलीकडे त्याने बघितलं आणि ओळख न पटता नुसती मान लवून हसला. नऊ वर्षं जिच्याकडून भाडं घेतलं तीच ही! ओळखलं नाही!

"बाई, हे तुमच्यासाठी. नाही म्हणायचं नाही. मनगटी घड्याळ आहे, भारीतलं." तो खुर्ची ओढून बसलाच. मग थोरलीला सांगायला लागला, कारण सांगायला कुणीतरी हवं होतं. "तुम्ही जागेसाठी आलात ना? योग्य ठिकाणी आलात. ही बाई म्हणजे सोन्याचा तुकडा. हिने मला सांगितलं, थांबा, भाव चढणार. आठ महिने थांबलो. घरचे वेड्यात काढत होते. माझं बघून सगळे थांबले, अख्खं शहर थांबलं म्हणा ना! आणि चढला की नाही भाव? चढला!"

थोरली त्याच्याकडे बघत होती. मग तिने धाकटीकडे बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. भावजींच्या हातातल्या घड्याळात काय बिघडलंय हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची, तिला काय लागतो वेळ!

धाकटी ताडकन उठली. "मी खोटं बोलले होते!"

"काय?"

"खोटं! भाव चढणार नव्हता. कसली बातमी नव्हती, काही नव्हतं. तुमचं वाटोळं व्हावं म्हणून सांगितलं. घरं रिकामी राहावीत, बँकेने उचलून न्यावीत, तुम्ही रस्त्यावर यावं म्हणून! ही माझी बहीण. हिच्या नवऱ्याला तुम्ही घराबाहेर काढलंत आणि तो मेला. ऐकताय? तो मेला, म्हणून मी खोटं बोलले!"

काचवाल्याचं तोंड जरा उघडं राहिलं. त्याने थोरलीकडे नीट बघितलं, "अरेरे," म्हणाला, "घड्याळवाले का? गेले? वाईट झालं हो. चांगला माणूस." आणि खरंच त्याला वाईट वाटलं असावं, अर्धा मिनिट तरी. मग धाकटीकडे वळून हलकंसं हसला. "पण बाई, खोटं कसं म्हणता? चढला ना भाव? तुम्हाला बाजार आतूनच कळतो, तुमचं तुम्हालाही कळत नाही. असू दे. रागाच्या भरात बोललात, मी मनावर घेत नाही." खोका टेबलावर नीट सरकवून ठेवला आणि निघाला. दारातून म्हणाला, "यांना जागा हवी असली तर माझ्याकडे सांगा. काही रिकामं झालं तर बाजारभावात थोडं कमी करू."

सूड घ्यावा आणि ज्याच्यावर घेतला त्याला तो कळूही नये! धाकटी उभ्याची खाली बसली.

"ताई," ती म्हणाली, "मी भावजींसाठी..."

"त्यांचं नाव घेऊ नकोस यात." थोरलीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "त्यांना जाऊन किती महिने झाले? आठ महिने तू हे करत होतीस. रविवारी मला विचारत होतीस, जेवलीस का." तिने नोटिशीची घडी घातली, पिशवीत ठेवली. "एवढी घरं तुझ्या या भिंतीवर टांगलेली होती. एक मला दिलं असतंस तर! आणि मी मेली तीन महिने बंद दारं वाजवत फिरतेय."

"मी आत्ता करते काहीतरी. आत्ता फोन करते सगळ्यांना."

"कर," थोरली म्हणाली आणि गेली.

धाकटीने केले फोन. त्या दिवशी केले, दुसऱ्या दिवशी केले. ज्यांच्या किल्ल्या अजून भिंतीवर होत्या त्या प्रत्येक मालकाला सांगितलं, "लावून टाका. आजच लावा. जुन्या भावात लावा, हा भाव टिकायचा नाही." घसा कोरडा पडेपर्यंत खरं बोलली. एक मालक ऐकून घेऊन हसला. "बाई, तुम्ही इतकी घाई करताय म्हणजे तुमच्याकडे मोठी पार्टी आलेली दिसते. म्हणजे अजून चढणार. थांबतो." दुसरा म्हणाला, "काचवाल्यालाच एकट्याला श्रीमंत करायचं का? आम्ही तुमच्याच शब्दावर थांबलोय." तिसऱ्याने तर किल्ली परत नेली, ही बाई आता फुटली म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती थोरलीकडे गेली. सामान बांधायला येऊ नकोस असं थोरली फोनवर म्हणाली होती, तरी गेली. टेम्पो भरून झाला होता. एक कपाट, खाट, भावजींचं हत्यारांचं खोकं, दोन गाठोडी. पाळणाघराचा निळा कोट परत देऊन झाला होता. काम सुटलं होतं. पाळणाघरातल्या एका बाईच्या गावाकडे एक खोली मिळाली होती म्हणे. कुठलं गाव ते धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं.

थोरली पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. धाकटी खिडकीशी गेली, काचेवर हात ठेवला. "ताई, शिव्या दे मला. काहीही बोल. पण पत्ता दे. मी येईन. महिन्यातून एकदा येईन, नुसती बघून जाईन."

थोरलीने तिच्या हातावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते, हेही खरं. "मी रागावले नाहीये गं," ती म्हणाली. "पण पत्ता नाही देत. तू पाय ठेवलास की तिथलाही भाव चढतो."

ड्रायव्हरने टेम्पो सुरू केला आणि धाकटीला हात काढून घ्यावा लागला.